भिलाईच्या उन्हात रोजची गाडी : निवड आणि निगा

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याच्या वसाहतीत कामावर जाण्या-येण्यासाठी वाहन घेणाऱ्या कुटुंबापुढे अंतराचा प्रश्न फारसा नसतो. सेक्टर १० मधील निवासस्थानापासून कारखाना, सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय आणि सिव्हिक सेंटरची बाजारपेठ ही सर्व ठिकाणे काही किलोमीटरांच्या आत आहेत. वसाहतीतील रस्ते आखीव आहेत आणि चढ-उतार जवळजवळ नाहीत. असे असूनही येथे गाड्यांच्या बॅटऱ्या लवकर दगा देतात, टायर अकाली भेगाळतात आणि कमी धावलेल्या इंजिनातही बिघाड उद्भवतात. या तक्रारींचे मूळ गाडी धावते त्या पंधरा-वीस मिनिटांत क्वचितच सापडते. ते बहुतेक वेळा ती उन्हात उभी राहते त्या आठ तासांत असते. म्हणून येथे वाहन निवडताना ते किती पळेल यापेक्षा उभे राहून किती टिकेल, हे आधी पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते.

भिलाईच्या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात कामगाराचे वाहन म्हणजे सायकल. पुढे स्कूटर आली, पण बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे, त्यामुळे निवडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. जी मिळेल ती घ्यायची आणि पंधरा-वीस वर्षे जपायची, हाच रिवाज होता. १९८५ मध्ये चार फेऱ्यांच्या इंजिनाची, कमी पेट्रोल पिणारी हिरो होंडा सीडी १०० बाजारात आली आणि पाळीवर जाणाऱ्यांची पसंती हळूहळू मोटारसायकलकडे वळली. आज पेट्रोलची स्कूटर, मोटारसायकल, विजेवरील स्कूटर आणि मोटार असे सारे पर्याय समोर आहेत आणि गोंधळही तेवढाच आहे.

उष्णतेचा हिशेब

दुर्ग-भिलाई परिसरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या घरात असतो आणि काही दिवशी ४५ अंशांपर्यंत चढतो. विदर्भातील वाचकांना हे तापमान नवे नाही. नागपूर आणि चंद्रपूरकर ते दरवर्षी सोसतात. कारखान्याच्या पाळ्या सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० वाजता बदलतात. म्हणजे दुपारची बदली नेमकी उन्हाच्या माथ्यावर होते. सकाळच्या पाळीचा कामगार तापलेल्या गाडीवर बसून घरी निघतो आणि त्याच वेळी दुसऱ्या पाळीचा कामगार आपली गाडी उन्हात लावतो. अशा वेळी डांबराच्या पृष्ठभागाचे तापमान ६० अंशांच्याही वर गेलेले असते.

वाहनाची बॅटरी थंडीत दगा देते, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा नाही. हिमाचल प्रदेशातील लाहौल किंवा लडाखमध्ये हिवाळ्यात गाडी सुरू करणे हीच रोजची परीक्षा असते. शून्याखाली १८ अंशांवर शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमता जवळजवळ निम्म्यावर येते. लडाखमध्ये डिझेल गोठण्याची अडचण एवढी मोठी होती की, उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे खास हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे उपलब्ध करून देण्यात आले. परंतु थंडीने कमी झालेली बॅटरीची शक्ती ऊब मिळताच परत येते. उष्णतेने झालेली हानी मात्र भरून येत नाही. तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी वाढले की शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. म्हणूनच उन्हाळ्यात खचलेली बॅटरी पुष्कळदा डिसेंबरच्या पहिल्या गार सकाळी बंद पडते आणि दोष थंडीच्या माथी जातो.

यात कमी अंतराची भर पडते. दर फेरीला सेल्फ-स्टार्ट बॅटरीतून वीज ओढतो आणि पाच किलोमीटरांच्या धावेत ती पूर्ण भरून निघेलच असे नाही. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना, जेथे किक आहे तेथे तिचाच वापर करावा. नव्या अनेक गाड्यांना किक नसते, हे खरेदीपूर्वीच पाहून घेतलेले बरे.

कोणती गाडी घ्यावी?

एकट्याने पाळीवर जाण्यासाठी १०० ते १२५ सीसीची मोटारसायकल आजही सर्वांत निर्धोक निवड मानली जाते. तिची चाके मोठी असल्याने पावसाळ्यातील खड्ड्यांत ती कमी हिसके खाते. स्कूटरची चाके लहान असतात, मात्र आसनाखाली डबा, रेनकोट आणि कागदपत्रे सावलीत राहतात आणि घरातील सर्वांना ती चालवता येते. ज्या घरात एकच दुचाकी असणार आहे, तेथे स्कूटरचे पारडे जड ठरावे.

विजेवरील स्कूटरसाठी भिलाईसारखी लहान अंतराची, सपाट वसाहत आदर्श भासते आणि बऱ्याच अंशी ती तशी आहेही. पण येथे दोन गोष्टी तपासायला हव्यात. पहिली, चार्जिंगची. वरच्या मजल्यावरील क्वार्टरमध्ये राहणाऱ्याने खाली प्लग नसेल तर काढून वर नेता येणारी बॅटरी असलेलीच गाडी घ्यावी. खिडकीतून सोडलेली वायर हा उपाय नव्हे, धोका आहे. दुसरी, उष्णतेची. लिथियम बॅटरीच्या प्रकारांत लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार उष्णता अधिक सोसतो. मार्च २०२२ मध्ये पुण्यासह देशाच्या काही भागांत विजेवरील स्कूटरना आगी लागल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे निकष डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक करण्यात आले. त्यामुळे जुनी गाडी विकत घेणार असाल, तर तिच्या निर्मितीची तारीख किमतीइतकीच महत्त्वाची आहे. उन्हातून आल्यावर लगेच चार्जर लावू नये, अर्धा-पाऊण तास बॅटरी निवू द्यावी. पूर्ण भरलेली बॅटरी दिवसभर उन्हात ठेवणेही तिचे आयुष्य कमी करते. रोजची गरज थोडी असेल तर ८० टक्क्यांपर्यंतचे चार्जिंग पुरते.

मोटार घेणाऱ्यांसाठी एक सूचना पुरेशी आहे : केवळ वसाहतीतल्या वसाहतीत फिरायचे असेल तर डिझेलची मोटार घेऊ नये. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळण्यासाठी इंजिन बराच वेळ तापून धावावे लागते. चार-पाच किलोमीटरांच्या फेऱ्यांत ते घडत नाही, फिल्टर तुंबतो आणि दुरुस्तीचा खर्च हजारोंच्या घरात जातो. महिन्यातून दोनदा नागपूरला जाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

मुलांच्या हाती किल्ली

सेक्टर १० मध्ये कारखान्याचे उच्च माध्यमिक विद्यालय आहे आणि शाळेनंतर शिकवणीला जाणाऱ्या मुला-मुलींची वर्दळ हे भिलाईचे नेहमीचे दृश्य आहे. अकरावी-बारावीतील मुलासाठी घरची स्कूटर मोकळी करून देण्याची पद्धतही तितकीच नेहमीची आहे. कायद्याने ती मान्य नाही. मोटार वाहन कायद्यानुसार १६ वर्षे पूर्ण झालेल्यास फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवण्याचा परवाना मिळू शकतो आणि आज बाजारातील पेट्रोलच्या बहुतेक सर्व स्कूटर त्याहून मोठ्या इंजिनाच्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाकडून गुन्हा घडल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलासाठी ही किंमत फार मोठी आहे.

ताशी २५ किलोमीटरपर्यंत धावणारी, २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची विजेवरील दुचाकी या अटीतून मुक्त आहे. वसाहतीतील अंतरासाठी ती पुरते. सायकलही पुरते, पण ते मुलांना पटवणे हे पालकांचे कौशल्य.

निगा : किलोमीटरवर नव्हे, कॅलेंडरवर

कंपनीच्या पुस्तिकेत देखभालीच्या दोन अटी असतात, इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांपैकी जे आधी येईल ते. भिलाईतील वाहनधारकाने महिन्यांची अट पाळावी. कमी अंतरात इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे जळणातून निर्माण होणारे पाणी आणि न जळालेले पेट्रोल ऑइलमध्ये उरते. मीटरवर थोडेच किलोमीटर दिसतात, ऑइल मात्र निकामी झालेले असते. आठवड्यातून एकदा सलग वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवल्यास हा ओलावा बराचसा उडून जातो आणि बॅटरीही भरते.

टायरमधील हवा सकाळी, गाडी काढण्यापूर्वी तपासावी. तापमान दर १० अंशांनी वाढले की हवेचा दाब सुमारे दीड पौंडाने वाढतो, म्हणजे दुपारी तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पौंड अधिक दिसणारच. ते पाहून हवा काढून टाकणारे अनेक जण दुसऱ्या दिवशी कमी हवेवर गाडी चालवतात. कमी हवेचा टायर अधिक वाकतो, अधिक तापतो आणि तोच भर उन्हात फुटतो.

एअर फिल्टरबाबत पंपावरील हवेचा झोत मारून तो स्वच्छ करण्याची सवय मिस्त्रींनाही असते. अनेक दुचाकींत आता तेलाचा थर दिलेला कागदी फिल्टर असतो. तो हवेने स्वच्छ होत नाही, उलट खराब होतो. तो बदलायचाच असतो आणि धुळीच्या भागात पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधी. गाडीवर बसलेली धूळही कोरड्या फडक्याने पुसू नये. आधी पाणी सोडावे, नाहीतर कणांचे ओरखडे रंगावर कायमचे उमटतात.

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरले तर ते इथेनॉलसह तळाशी वेगळे साचते आणि गाडी अडखळू लागते. टाकीच्या झाकणाचे रबर जूनपूर्वी तपासणे आणि गावी जाताना गाडी आच्छादनाखाली ठेवणे, हे यावरचे साधे उपाय आहेत. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि वॉशर यांवरही या इंधनाचा परिणाम होऊ शकतो, म्हणून त्या सर्व्हिसिंगच्या वेळी मुद्दाम पाहायला सांगाव्यात.

चेनला दर ५०० किलोमीटरनंतर आणि मोठ्या पावसानंतर वंगण द्यावे. डिस्क ब्रेकमधील द्रवही ओलावा शोषतो. तो दोन वर्षांनी बदलावा लागतो, ही बाब सर्रास विसरली जाते.

पावसाळ्यात येथे आणखी एक संकट रस्त्यावरच बसलेले असते. शेतात पिके उभी राहिली की गुरे मोकळी सोडू नयेत, अशी छत्तीसगडमध्ये ‘रोका-छेका’ची जुनी प्रथा आहे आणि २०२० मध्ये राज्य सरकारने तिला मोहिमेचे रूप दिले होते. तरीही ओल्या जमिनीपेक्षा कोरडे डांबर बरे म्हणून गुरे रात्री रस्त्यावर येऊन बसतात. काळी म्हैस किंवा गडद रंगाची गाय अंधारात वीस पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. रात्री १० ला सुटणाऱ्याने दिव्याची काच स्वच्छ आणि झोत योग्य उंचीवर असल्याची खात्री करावी. डबलसीट बसल्यावर तो झोत वर चढतो, हेही लक्षात घ्यावे.

रात्रपाळी करून सकाळी ६ वाजता घरी निघणाऱ्याला गुरांपेक्षा झोपेचा धोका अधिक असतो. रस्ता सरळ आणि ओळखीचा असल्याने डोळा लागणे सोपे जाते. निघण्यापूर्वी तोंडावर पाणी मारून, चहा घेऊन दहा मिनिटे थांबणाऱ्यांची चेष्टा होऊ नये.

हेल्मेटविषयी उन्हाळ्यात सर्वाधिक टाळाटाळ होते. फिकट रंगाचे, हवेची छिद्रे असलेले आणि भारतीय मानक ब्यूरोची आयएसआय खूण असलेले हेल्मेट घेतल्यास त्रास पुष्कळ कमी होतो. लूपासून बचावासाठी डोक्याला आणि तोंडाला गमछा गुंडाळण्याची येथे सार्वत्रिक पद्धत आहे. मात्र जाड गमछ्यावर चढवलेले हेल्मेट सैल बसते आणि अपघातात निखळते. पातळ सुती टोपी आत घालावी, पट्टा हनुवटीखाली आवळावा आणि गमछा हेल्मेटखाली न घेता मानेभोवती, टोके जॅकेटच्या आत खोचून बांधावा. मोकळी टोके मागच्या चाकात किंवा चेनमध्ये अडकू शकतात.