खोडदच्या डिशा आणि फर्स्ट इयर

‘कॉम्प्युटर नाही का मिळालं?’ मेकॅनिकलला प्रवेश घेतल्यापासून गावात भेटेल तो हेच विचारतो. गाव नारायणगावजवळ. टोमॅटोचा भाव विचारून झाला की माझ्या ब्रँचची चौकशी.

खरं तर पहिल्या वर्षी ब्रँच नावापुरतीच असते. एम-वन म्हणजे गणिताचा पहिला पेपर, मेकॅनिक्स, ग्राफिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, वर्कशॉप हे सगळ्यांनाच. निम्मे वर्ग आधी फिजिक्स करतात, निम्मे केमिस्ट्री. पुढच्या सेमिस्टरला अदलाबदल. होस्टेलवरचे सीनियर सांगतात, हे विषय पास होऊन विसरायचे असतात. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण खोडद.

आमच्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. एकूण ३० डिशा, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ खोडदजवळ दाटीनं उभ्या आहेत, बाकीच्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर दूरवर पसरलेल्या. लहानपणापासून त्या बघतोय, पण एवढी अवाढव्य डिश वाऱ्यात टिकते कशी, हे मेकॅनिक्समध्ये ट्रस शिकेपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं.

ट्रस म्हणजे सांध्यांवर जोडलेल्या सरळ दांड्यांचा सांगाडा. प्रत्येक दांडी एकतर ताणली जाते किंवा दाबली जाते. दोरी मात्र फक्त ताण घेते, दाब दिला की ढिली पडते. जीएमआरटी उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका दोरीचाच उपयोग केला. नळ्यांच्या १६ वक्र चौकटी, त्यांच्यामध्ये ताणलेल्या स्टीलच्या तारा, आणि त्या तारांवर बारीक तारेची जाळी. बाज विणावी तशी ही डिश विणलेली आहे. पत्रा नसल्यामुळे वारा आरपार जातो, वजन घटतं आणि खर्चही. भोकांतून रेडिओलहरी निसटत नाहीत का? नाही. इथे टिपल्या जाणाऱ्या सगळ्यात आखूड लहरीही साधारण २१ सेंटिमीटरच्या, आणि जाळीचं भोक एक-दोन सेंटिमीटरचं. लहरीला ती जाळी आरशासारखीच.

डिशचा आकार पॅराबोलाचा. ग्राफिक्सच्या शीटवर टू-एच पेन्सिलीनं बिंदू जोडत तो काढताना वर्ग जांभया देत होता. मला मजा आली, कारण अक्षाला समांतर आलेला प्रत्येक किरण त्या वक्रावरून एकाच बिंदूत जातो, आणि खोडदला त्या बिंदूपाशीच लहरी टिपणारी अँटेना बसवलेली आहे.

एम-वनमधली फूरिए सिरीज अजून पुरती पचलेली नाही. पण ३० डिशांच्या ४३५ जोड्या होतात, प्रत्येक जोडीचे सिग्नल ताडून पाहतात आणि त्यातून आकाशाचं चित्र तयार होतं ते फूरिएच्याच गणितानं, एवढं कळल्यावर उदाहरणं सोडवायचा कंटाळा जरा कमी झाला.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. यंदा रूममेटला घेऊन जाणार आहे. तो कॉम्प्युटरचा, त्याला सिग्नलच्या प्रक्रियेत रस; मी तारांचे सांधे बघणार. मोबाइलच्या लहरी दुर्बिणीच्याच पट्ट्यात येतात, त्यामुळे तिथे फोन बंद ठेवावा लागतो. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.