पिस्तुलाचा धक्का जातो कुठे?

पिस्तुलातून गोळी सुटली की हाताला धक्का बसतो. न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. हा धक्का म्हणजे तोच नियम. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३९० मीटर वेगाने पुढे गेली, तर सव्वा किलोचे पिस्तूल सेकंदाला अडीच मीटर वेगाने मागे येऊ पाहते. जळलेल्या दारूचा वायू त्यात आणखी भर घालतो. शिवाय नळी मुठीच्या वर असते, त्यामुळे पिस्तुलाचे तोंड वर उसळते. ते खाली आणून पुन्हा नेम धरण्यात वेळ जातो.

यावर उपाय म्हणजे कॉम्पेन्सेटर. नळीच्या टोकाला बसवलेला हा पोकळ तुकडा. त्याला वरच्या बाजूने खाचा असतात. गोळीमागचा वायू त्यांतून वर फेकला जातो आणि तोंड खाली दाबले जाते. म्हणजे जो वायू धक्का वाढवतो, त्यालाच कामाला लावायचे! मात्र आवाज आणि ज्वाळा वाढतात, वजनही वाढते.

आता गंमत पाहा. प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेत कोलंबिया इथे स्थापन झाली. तिच्या स्पर्धांत ‘ओपन’ गटाला कॉम्पेन्सेटर चालतो. पण गोळी पुरेशी जोरकस हवी. गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले एक हजार. हा आकडा १६० भरला तर ‘मेजर’, १२५ भरला तर ‘मायनर’. १२४ ग्रेनची गोळी १३०० फुटांनी गेली, तर १६१ होतात. लक्ष्याच्या मधोमध लागलेल्या गोळीला दोघांनाही सारखेच गुण. जरा बाजूला लागली की मायनरवाल्याचे जास्त गुण जातात. स्पर्धेत वेग यंत्रावर मोजतात. १२५ सुद्धा भरले नाहीत, तर गुणच मिळत नाहीत.

म्हणून परदेशातले अनेक नेमबाज काडतुसे घरीच भरतात. वापरलेली पितळी पुंगळी, नवी टोपी, मोजलेली दारू आणि गोळी, एवढाच हा संसार. हलकी गोळी आणि सावकाश जळणारी जास्त दारू घेतली की कॉम्पेन्सेटरला भरपूर वायू मिळतो. पण काही दारू इतकी कमी जागा घेते, की चुकून दोनदा भरली तरी पुंगळीत मावते. मग पिस्तूल फुटून हात जायबंदी होऊ शकतो. तिथले जाणकार म्हणूनच छापील कोष्टक सोडत नाहीत आणि प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहतात. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारात कॉम्पेन्सेटर चालत नाही. तिथे पॉइंट टू-टू काडतुसाचा धक्का सौम्य असतो, पण तो आवरायचा मुठीने, मनगटाने आणि रोजच्या सरावाने. कॉम्पेन्सेटर लावला तरी सराव सुटत नाही. कारण तो वायूचा तेवढा हिशेब चुकता करतो. गोळीचा धक्का हातालाच सोसावा लागतो.