आरव्हीचं बुकिंग करण्याआधी पाणीपातळी बघा

लास वेगासच्या पूर्वेला, शहरापासून गाडीनं तासाभराच्या आत, मोहावी वाळवंटात लेक मीड हा प्रचंड जलाशय पसरला आहे. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो जोडून आलेल्या सुट्ट्यांमध्ये सहज गाठता येतो. आरव्ही भाड्यानं घेतली की झोपायची जागा, शेगडी, फ्रिज आणि संडास-बाथरूम सगळं सोबतच असतं. अशा सहलीची आखणी बहुतेक वेळा रजेपासून सुरू होते. आधी तारखा ठरतात, मग मुक्कामाची जागा, आणि पाण्याचा विचार तिथे पोचल्यावर. हा क्रम उलटा असायला हवा. वाळवंटातल्या जलाशयावर जाताना आधी पाण्याची पातळी पाहावी, मग तापमान, आणि या दोन्हींत बसतील अशा तारखा शेवटी निवडाव्यात. कारण लेक मीड हे निसर्गनिर्मित सरोवर नाही. ते कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणाचं बॅकवॉटर आहे, आणि त्याचा काठ कुठे असेल हे नदीची आवक आणि धरणाचा विसर्ग ठरवतात.

हूवर धरण 1930च्या दशकात बांधलं गेलं. त्यामागचा साठा पूर्ण भरला तर कोयनेच्या दहापटींहून अधिक भरतो. फरक नुसता आकाराचा नाही. आपली बहुतेक धरणं चांगल्या पावसाळ्यात एका हंगामात भरतात आणि पुढच्या जूनपर्यंत रिकामी होत जातात. लेक मीड मात्र अनेक वर्षांचा साठा धरून ठेवण्यासाठी बांधलेलं आहे, त्यामुळे त्याची तूटही वर्षानुवर्षं साचत जाते. 2000च्या सुमारास पाणी समुद्रसपाटीपासून 1,210 फुटांच्या वर होतं. जुलै 2022मध्ये ते 1,040 फुटांच्या आसपास उतरलं. 1930च्या दशकात जलाशय पहिल्यांदा भरत होता, तेव्हापासून इतकी कमी पातळी कधीच नव्हती. काठच्या कड्यांवर क्षारांचा जो पांढरा पट्टा दिसतो, तो या घसरणीचीच खूण आहे. दुष्काळ हे त्याचं एक कारण आहे, एकमेव नाही. 1922च्या करारानं नदीचं पाणी वरच्या आणि खालच्या खोऱ्यांतल्या राज्यांत वाटलं तेव्हा आधार धरला होता तो तुलनेनं ओल्या वर्षांचा. त्यामुळे नदीत असतं त्याहून जास्त पाणी कागदावर वाटलं गेलं. त्यात तापमानवाढीची भर पडली. मिली आणि डन या संशोधकांनी 2020मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तापमान एक अंश सेल्सियसनं वाढलं की कोलोरॅडोचा वार्षिक प्रवाह सुमारे 9 टक्क्यांनी घटतो. डोंगरावरचं बर्फ कमी झालं की उघडी जमीन ऊन शोषते आणि बाष्पीभवन वाढतं, हे त्यामागचं मुख्य कारण. खुद्द जलाशयावरून वर्षाला जवळजवळ दोन मीटर उंचीचं पाणी हवेत जातं, तर लास वेगासला वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम दहा सेंटिमीटर.

यावर कोणी म्हणेल, इतकं सगळं झालं तरी तिथे अजून अफाट पाणी आहे, मग चार दिवसांच्या पाहुण्याला पातळीशी काय करायचंय? पाणी अफाट आहे हे खरं. पण पाहुणा काठावर राहतो, आणि काठ आडवा सरकतो. जिथे जमिनीचा उतार शंभराला एक इतका मंद आहे, तिथे पातळी दहा फूट उतरली की पाणी तीनशे मीटर मागे हटतं. उत्तरेकडच्या ओव्हरटन फाट्यात हेच घडलं. ओव्हरटन बीचचा मरिना 2007मध्ये बंद झाला, पुढे एको बेचाही झाला. 1938मध्ये बुडालेलं सेंट थॉमस हे गाव या शतकाच्या सुरुवातीला पाण्याबाहेर आलं, आणि आज त्याच्या जोत्यांमधून चालत हिंडता येतं. 2022मध्ये बोटी पाण्यात सोडण्याचे बहुतेक उतार कोरडे पडले होते. म्हणजे जुन्या नकाशात पाण्याला लागून दिसणारा मुक्कामाचा तळ प्रत्यक्षात चिखल, दगड आणि झुडपांच्या पट्ट्यापलीकडे असू शकतो. मुलांना पाण्यात खेळवायचं असेल किंवा बोट न्यायची असेल, तर हा फरक सहलीचा फरक आहे.

अंदाज बांधणं अवघड नाही. अमेरिकेचं ब्युरो ऑफ रेक्लमेशन पुढच्या चोवीस महिन्यांच्या पातळीचा अंदाज दर महिन्याला जाहीर करतं आणि तो सर्वांना खुला असतो. शिवाय वर्षाचं एक चक्रही आहे. वसंतात शेतीची मागणी वाढली की हूवरमधून विसर्ग वाढतो आणि पातळी साधारण जुलैपर्यंत उतरत जाते. हिवाळ्यात ती पुन्हा थोडी सावरते. ऑक्टोबर ते मार्च हा काळ पाण्याच्या दृष्टीनं बरा, आणि हवेच्या दृष्टीनं तर निःसंशय बरा.

उन्हाळ्याच्या बाजूनं मोठा युक्तिवाद असा, की मुलांची शाळा तेव्हाच बंद असते, भारतातून आजी-आजोबाही तेव्हाच आलेले असतात, आणि आरव्हीत एसी आहेच. यातला एसीचा भरवसा तपासून पाहू. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या लेक मीडवरच्या तळांवर गाड्यांना वीजजोडणी नाही, आणि रात्री शांततेच्या वेळेत जनरेटर चालवता येत नाही. वीजजोडणी हवी असेल तर खासगी ठेकेदारांच्या आरव्ही पार्कमध्ये जागा घ्यावी लागते. जुलैत लास वेगासचं रात्रीचं सरासरी किमान तापमानही 27 अंशांच्या आसपास असतं. दिवसाची कमाल 40 च्या पुढे जाते, आणि 7 जुलै 2024 रोजी तर ती 48.9 अंशांवर पोचली. आरव्हीच्या पातळ भिंती दिवसभर तापत राहतात. गॅसवर चालणारा फ्रिज आपली उष्णता मागच्या बाजूनं बाहेरच्या हवेतच टाकतो. हवा इतकी तापली की त्याचंही काम मंदावतं, आणि दूध-भाज्या नासतात.

आजी-आजोबांचा मुद्दा तर याहून गंभीर आहे. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण 35 अंशांपेक्षा, गरम झाली की शरीराकडे थंड होण्याचा एकच मार्ग उरतो, घाम वाळण्याचा. मुंबईच्या दमट हवेत घाम अंगावरून निथळतो आणि माणूस पाणी पितो. वाळवंटात तो क्षणात वाळतो, त्यामुळे तासाला लिटरभर पाणी गेलं तरी कळत नाही. वयानुसार तहानेची जाणीवही बोथट होते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. पार्क सर्व्हिस काही पायवाटा उन्हाळ्यात बंदच ठेवते, ती याच कारणानं. सुट्टीची अडचण खरी आहे, पण थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि मार्च-एप्रिलमधली शाळेची आठवड्याची सुट्टी याच चांगल्या काळात किंवा त्याला लागून येतात. जुलै-ऑगस्टमध्येच जावं लागलं तर वादळी पावसाचाही विचार हवा. कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी कधीही लावू नये, कारण पाऊस दूर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो.

एक नैतिक आक्षेपही घेतला जातो. आटत चाललेल्या जलाशयावर मौजेसाठी जावंच का? आकडे पाहिले तर प्रवाशांचं पिणं-आंघोळ नगण्य आहे. कोलोरॅडोच्या वापरातला सर्वांत मोठा हिस्सा शेतीचा, त्यातही जनावरांच्या चाऱ्याचा आहे. लास वेगास शहर घरातल्या नळांचं जवळजवळ सगळं सांडपाणी शुद्ध करून याच जलाशयात परत सोडतं. पाहुण्यानं इतकं करावं, की आरव्हीच्या टाक्यांमधलं सांडपाणी नेमून दिलेल्या ठिकाणीच रिकामं करावं. बोट नेली असेल तर निघताना ती धुऊन, निथळवून, पूर्ण सुकवावी. 2007च्या जानेवारीत इथे सापडलेले क्वागा शिंपले बोटींना चिकटूनच दुसऱ्या तलावांत जातात. तेव्हा आरव्हीचे पैसे भरण्याआधी ब्युरोचा चालू महिन्याचा अंदाज उघडा, आपण जाणार त्या महिन्याची पातळी बघा, आणि बोट सोडण्याचा हवा तो उतार चालू आहे का हे पार्क सर्व्हिसकडून विचारून घ्या.