वडगाव ते निपाणी : गाडीत ऐकायची मराठी पुस्तकं

आपल्या बेळगावातल्या वडगावातून निपाणी-कोल्हापूरकडं कामानिमित्त सारखं जाणारे पुष्कळ आहेत. हायवेवर तास-दीड तास सहज जातो. तेवढ्यात एक दणदणीत कथा ऐकून होते.

सुरुवात पुलंच्या कथाकथनापासून करा. पुलं काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, म्हणजे आपलेच! त्यांची ‘म्हैस’ तर एसटीसमोर आडव्या आलेल्या म्हशीचीच गोष्ट, रस्त्यावर ऐकायला याहून चांगलं काय? यूट्यूबवर ती सहज मिळते. त्यानंतर शंकर पाटील ऐका. ते पट्टणकोडोलीचे, निपाणीपासून फार लांब नाही. त्यांच्या गोष्टीतली माणसं आपल्या बाजारात भेटणारी वाटतात. द. मा. मिरासदारही सोडू नका.

सलग कादंबरी हवी असेल तर स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप घ्या. २०१७ पासून ते भारतात आहे आणि मराठीचा साठा भरपूर. महिन्याची वर्गणी भरावी लागते, पण रोजचा प्रवास असेल तर ती वसूल होते. पुण्याच्या स्नॉवेलची मराठी ऑडिओबुकंही बघा.

निवडताना आधी वाचणाऱ्याचा आवाज पाच मिनिटं ऐका. पुस्तक कितीही थोर असो, वाचन सपाट असेल तर संकेश्वर यायच्या आत कंटाळा येतो. आणि पुस्तक घरच्या वायफायवर आधीच डाऊनलोड करून ठेवा, म्हणजे वंटमुरी नाहीतर तवंदी घाटात रेंज गेली तरी गोष्ट तुटत नाही. मोबाईलला हात लावायचा तो गाडी सुरू करण्याआधीच.

तुम्ही काय ऐकता, खाली लिहा की!