दिव्यांची अमावास्या आणि सूनबाईंचे यंत्र

आषाढ सरत आला. अमावास्येला घरोघरी समया, निरांजने, लामणदिवे घासूनपुसून पाटावर मांडले जातील, कणकेचे गोड दिवे उकडले जातील आणि दीपपूजन होईल. दुसऱ्या दिवसापासून श्रावणाचे नियम. म्हणून ज्या घरांत मांसाहार चालतो तेथे याच दिवशी कोंबडीचाही बेत असतो. या दिवसाला चिकटलेले 'गटारी' हे नाव आम्हांस रुचत नाही. परंतु पूजा आणि हा बेत दोन्ही सांभाळणारी घरे आम्ही अभाविक मानीत नाही.

गेल्या आषाढात कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध माउली पुढे आल्या. म्हणाल्या, "बुवा, सूनबाईंनी एअर फ्रायर आणला आहे. अमावास्येला त्यात कोंबडी, आणि श्रावणात त्यातच नैवेद्याच्या करंज्या! हे चालेल का?" सूनबाई मागे खाली मान घालून उभ्या होत्या. दोघींत आठ दिवस अबोला होता.

आमच्या पानात हा पदार्थ नाही. म्हणून आम्ही सूनबाईंनाच रीत विचारली. त्या म्हणाल्या, "आदल्या रात्री तुकड्यांना दही, आले-लसूण, हळद, तिखट, मीठ लावून फ्रिजमध्ये मुरवत ठेवते. कचेरीतून यायला सात वाजतात. मग १८० अंशांवर वीसेक मिनिटे, मध्ये एकदा उलटायचे. शेगडीपाशी उभे राहावे लागत नाही. बुवा, यंदा तरी दीपपूजेला बसावे म्हणून हा खटाटोप."

हे ऐकून सासूबाई गप्प झाल्या.

नावात तळण असले तरी या यंत्रात पदार्थ तळला जात नाही. पंखा तप्त हवा सभोवती फिरवतो व पदार्थ भाजला जातो. भाजलेले मांस आपल्याकडे नवे नाही; अमरकोशात शूलावर भाजलेल्या मांसाला 'शूल्य' आणि 'भटित्र' असे शब्दच आहेत. मात्र घाई करू नये. जाड तुकड्याच्या गाभ्याची उष्णता ७४ अंशांपर्यंत पोहोचलीच पाहिजे.

आता शुद्धीचा प्रश्न. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, कासे इत्यादी धातूंच्या भांड्यांची शुद्धी क्षार, आम्ल आणि पाणी यांनी सांगितली आहे. यंत्राच्या जाळीवर लेप असतो. तिला राख किंवा घासणी लावू नये. यंत्र निवल्यावर जाळी साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी, आतला भाग ओल्या फडक्याने पुसावा. एवढ्याने ते घरच्या जेवणाला निर्मळ झाले.

नैवेद्याचे मात्र वेगळे. जाळी दुसरी आणली तरी आतली हवा त्याच पोकळीतून फिरते. सासूबाईंच्या मनातली शंका तेवढ्याने फिटणार नाही. म्हणून आम्ही सांगितले, की करंज्या सोवळ्याच्या कढईतच तळाव्या, आणि त्या सासूबाईंनी तळाव्या. अमावास्येला सूनबाईंनी यंत्र लावून, हातपाय धुऊन दिव्यांपुढे बसावे. तेवढी वीस मिनिटे त्यांना कोणी हाक मारू नये.

पुढे श्रावणात त्या दोघी पुन्हा कीर्तनाला आल्या, शेजारी शेजारी बसल्या. निघताना सासूबाई म्हणाल्या, "बुवा, यंदा समईची वात हिनेच लावली."

वाचकहो, येत्या अमावास्येला आपल्याही घरी स्वयंपाक लवकर आटोपो, आणि दिव्यांपुढे घरातले एकही माणूस कमी न पडो!