डोंगरावरची वस्ती न उठवता सुधारता येते का? मेडेलिन शहराने काय केले ते पाहा

डोंगरउतारावर दाट वस्ती वाढली की दोनच पर्याय पुढे येतात. घरे पाडा, नाहीतर दुर्लक्ष करा. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशातल्या मेडेलिन शहराने तिसरा मार्ग धरला. वस्ती जागेवर ठेवायची आणि सोयी तिच्यापर्यंत न्यायच्या.

हे शहर दरीत वसले आहे. गावाकडच्या हिंसाचाराला कंटाळून आलेल्या लोकांनी दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर मिळेल तिथे घरे बांधली. जायला-यायला अरुंद बोळ आणि शेकडो पायऱ्या. त्यात टोळ्यांचा धुमाकूळ. १९९१ मध्ये शहरात दर लाख लोकांमागे ३८०च्या आसपास खून झाले.

२००४ मध्ये ईशान्येकडच्या वस्त्यांवर रोप-वे सुरू झाला. तो पर्यटकांसाठी नव्हता, कामावर जाणाऱ्यांसाठी होता आणि खाली थेट मेट्रोला जोडलेला होता. त्याच वर्षी गणिताचे प्राध्यापक सर्जिओ फाहार्दो महापौर झाले. आर्किटेक्ट अलेहांद्रो एचेवेरी यांच्या पुढाकाराने स्टेशनांभोवतीचे रस्ते, पायऱ्या, चौक, बागा आणि पूल यांचा एकत्र आराखडा झाला. त्यात रहिवाशांनाही सामील करून घेतले. एकमेकांशी वैर असलेल्या टोळ्यांच्या दोन वस्त्यांमध्ये पादचारी पूल बांधला गेला.

हुआन बोबो ओढ्याकाठची घरे पुराच्या धोक्यात होती. तिथल्या कुटुंबांना शहराबाहेर न धाडता त्याच वस्तीत छोट्या इमारतींत घरे दिली. म्हणजे रोजगार, शाळा, शेजार काहीच तुटले नाही.

पश्चिमेकडच्या 'कोमुना १३' भागात २०११ मध्ये उघड्यावरचे सरकते जिने बसवले. लांबी ३८४ मीटर, सहा टप्पे. जवळपास २८ मजले चढण्याचा त्रास वाचला, तोही फुकटात.

फायदा झाला का? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, रोप-वे आणि सुधारणा झालेल्या भागांत खुनांचे प्रमाण इतर तशाच वस्त्यांच्या तुलनेत ६६ टक्क्यांनी जास्त घटले. अर्थात, शहरातला हिंसाचार कमी व्हायला इतरही कारणे होती. खर्चाचे म्हणाल, तर शहराच्या मालकीच्या वीज-पाणी कंपनीच्या नफ्यातला मोठा वाटा पालिकेला मिळतो. हा आधार सगळ्याच शहरांकडे नसतो.

एक गोष्ट मात्र फसली. २००७ मध्ये डोंगरमाथ्यावर उभारलेल्या काळ्या खडकांसारख्या दिसणाऱ्या ग्रंथालयाचे जगभर कौतुक झाले. पण बांधकामातल्या दोषांमुळे ते बरीच वर्षे बंद ठेवावे लागले. पायऱ्या आणि पूल मात्र रोजच्या वापरात राहिले.

म्हणून डोंगरावरच्या वस्तीचा आराखडा समोर आला की सुंदर चित्रांकडे नंतर पाहावे, आधी तीन प्रश्न विचारावेत. पावसाचे पाणी कुठून वाहणार? आजारी माणूस गाडीपर्यंत कसा पोचणार? आणि ज्यांची घरे हलणार, ते नेमके कुठे राहायला जाणार?