ट्रॅकवरील पहिला दिवस : पूर्वतयारी आणि दक्षता

वेगाने मोटार चालविण्याची हौस अनेकांना असते. परंतु ती भागविण्याची जागा सार्वजनिक रस्ता नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. या हौसेसाठी योग्य जागा म्हणजे बंदिस्त ट्रॅक. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथे सुमारे ३.७ किलोमीटरचा, तर कोइमतूर येथे 'करी मोटर स्पीडवे' हा सुमारे २.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे. ग्रेटर नोएडातील ५.१२५ किलोमीटरच्या 'बुद्ध इंटरनॅशनल सर्किट'वर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन शर्यती झाल्या.

सामान्य मोटारमालकांना स्वतःची मोटार अशा ट्रॅकवर चालविण्याची संधी 'ट्रॅक डे'मध्ये मिळते. ही स्पर्धा नसते. चालकाने आपले कौशल्य पारखावे, एवढाच तिचा हेतू असतो. तरीही पूर्वतयारी नसल्यास हा आनंद महागात पडू शकतो.

विमा व कर्ज

तयारीचा आरंभ गॅरेजमध्ये नव्हे, तर कागदपत्रांपासून करावा. खासगी मोटारीच्या विमा पॉलिसीतील वापरविषयक मर्यादांमध्ये आयोजित शर्यती, वेगाची चाचणी इत्यादी बाबी सामान्यतः वगळलेल्या असतात. 'ही शर्यत नव्हती' हा युक्तिवाद दाव्याच्या वेळी टिकेलच असे नाही. 'झीरो डेप्रिसिएशन'सारखे जादा संरक्षणही मूळ पॉलिसीच्या अटींना बांधील असते. मोटार कर्जावर घेतलेली असल्यास ती बँकेकडे तारण असते. तिचे नुकसान झाले तरी मासिक हप्ते थांबत नाहीत. म्हणून विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी, वैयक्तिक अपघात विम्याच्या अटी तपासाव्यात आणि आयोजकांच्या हमीपत्रावर ते पूर्ण वाचल्याखेरीज स्वाक्षरी करू नये. दुरुस्तीचा खर्च स्वतः सोसण्याची तयारी नसेल, तर ती मोटार ट्रॅकवर नेऊ नये, हेच शहाणपणाचे.

मोटारीची तपासणी

ट्रॅकवर सर्वाधिक ताण ब्रेकवर पडतो. वेग दुप्पट झाला की मोटारीची गतिज ऊर्जा चौपट होते आणि मोटार थांबविताना तिचे रूपांतर मुख्यतः ब्रेकमधील उष्णतेत होते. ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ४' प्रतीच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. ओलावा शिरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. फ्लुइड उकळले की नळीत वाफ साचते, पेडल खोल जाते आणि मोटार थांबत नाही. त्यामुळे दिवसापूर्वी फ्लुइड बदलणे व पॅडची जाडी पाहणे अत्यावश्यक आहे.

टायरवरील चार अंकांवरून तो कोणत्या आठवड्यात व वर्षी तयार झाला हे कळते. जुने, तडे गेलेले टायर वापरू नयेत. टायर तापल्यावर हवेचा दाब वाढतो. तो दर फेरीनंतर मोजावा. चाकांचे नट घट्ट असावेत. इंजिन ऑइल व कूलंटची पातळी पाहावी. पाण्याच्या बाटल्या, जॅक, पायपुसणी अशा सुट्या वस्तू बाहेर काढाव्यात. पेडलखाली अडकलेली बाटलीही घातक ठरते.

चालकाची तयारी

हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पातळ तळव्याचे बूट असावेत. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी. चेन्नईच्या उकाड्यात पाणी वरचेवर प्यावे. सकाळच्या सूचनासत्राला उपस्थित राहावे. तेथे समजावून दिले जाणारे झेंडे म्हणजे ट्रॅकची भाषाच. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका. वेग कमी करावा, ओलांडू नये. लाल म्हणजे सत्र थांबले, निळा म्हणजे मागून वेगवान मोटार येत आहे, काळा म्हणजे पिटमध्ये परतावे आणि चौकटींचा म्हणजे सत्र संपले.

ट्रॅकवर

पहिल्या फेऱ्या वळणे ओळखण्यात घालवाव्यात. ब्रेक सरळ मार्गावरच लावून संपवावा, वळणात संथ शिरावे आणि मोटार सरळ होऊ लागताच वेग हळूहळू वाढवावा. नजर बॉनेटवर नव्हे, पुढील वळणावर असावी. मागच्या मोटारीला ठरलेल्या जागी हाताने खूण करून वाट द्यावी. त्यात कमीपणा नाही. ब्रेकचे पेडल मऊ वाटू लागताच पिटमध्ये परतावे. अखेरची फेरी संथ चालवून ब्रेक थंड होऊ द्यावेत. थांबल्यावर मोटार गिअरमध्ये ठेवावी; तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नये.

पुण्याहून चेन्नईला गेलेल्या हौशी चालकाला त्याच मोटारीने सुमारे १,२०० किलोमीटर परत यायचे असते. मोटार आणि चालक दोघेही सुखरूप घरी परतले, की पहिला दिवस यशस्वी झाला असे समजावे. किती सेकंदांत फेरी पूर्ण झाली, हा प्रश्न पुढील वेळेसाठी राखून ठेवावा.